वाचक विचारतात : घरी बांधलेली रिकम्बंट, कोकणातले चढ आणि खारी हवा

मागच्या अंकात घरच्या पडवीत बांधलेल्या रिकम्बंट सायकलींवर लिहिलं होतं, म्हणजे ज्या सायकलवर आपण पाठ टेकून बसतो आणि पाय पुढे करून पेडल मारतो ती. त्यावर खूप मेसेज आले, काही नुसते कौतुकाचे, काही घरच्यांच्या काळजीचे, पण बरेचसे असे की माणूस खरंच पाइप आणायला निघालाय आणि कुठेतरी अडलाय. त्यातले निवडक घेतलेत. सगळे प्रश्न रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंतचे आहेत, त्यामुळे उत्तरंही इथल्या रस्त्यांना आणि इथल्या हवेला धरून दिलीत. पुण्यातल्या किंवा जर्मनीतल्या सपाट रस्त्यावरच्या माणसाला मी कदाचित वेगळं सांगितलं असतं.

प्रश्न : काका, मी मेकॅनिकल डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. व्हिडिओ बघून बघून रिकम्बंट बनवायचं डोक्यात बसलंय. घरी एक जुनी गिअरवाली माउंटन बाइक (एमटीबी) आणि धाकट्या भावाची २० इंची सायकल पडून आहे. ह्या दोन्हींतून एक होईल का? आणि पेडल पुढच्या चाकाच्या पुढे घेऊ की मागे?
— लांजा

उत्तर : होईल रे, आणि छान होईल, कारण लागतात ते नेमके हेच दोन डोनर, म्हणजे सुटे भाग देणाऱ्या सायकली. भावाच्या सायकलचं पुढचं चाक, ते धरणारा चिमटा (फोर्क) आणि चिमट्याची दांडी जिच्यात फिरते ती नळी, म्हणजे हेडट्यूब, बेअरिंगच्या कपांसकट काढून घे. एमटीबीचा मागचा भाग घे, म्हणजे मागचं चाक, ब्रेक बसवायचे बॉस, गिअर बदलणाऱ्या डिरेलरचा हँगर सगळं जागच्या जागी मिळतं आणि तिथे तुला मापं जुळवत बसायला लागत नाही. एमटीबीचं बीबी शेल, म्हणजे पेडलचा ॲक्सल जिच्यात फिरतो ती आखूड नळी, मात्र पुढे पेडलसाठी लागणार, म्हणून मागचे दोन पाइप शेलजवळ कापायचे आणि थेट मुख्य पाइपला जोडायचे. शेल वेल्ड करताना जुने कप आतच घट्ट बसवून ठेव, नाहीतर उष्णतेने शेल वाकडं होतं आणि नंतर आटे धरत नाहीत.

आता पेडल कुठे. पेडल पुढच्या चाकाच्या पुढे घेतले की चाकांमधलं अंतर साधारण एक मीटरवर येतं, सायकल आटोपशीर होते, बोटीत टेम्पोत सहज चढते, पण हळू वळताना टाच चाकाला लागते आणि नवख्याला ती डुलते. पेडल चाकाच्या मागे ठेवले की तेच अंतर दीड ते पावणेदोन मीटर होतं, सायकल लांबलचक दिसते पण सरळ चालते आणि शिकायला सोपी जाते. पहिली बांधतोयस ना, मग लांबच बांध. तिच्यात एकच गोष्ट सांभाळायची, हँडल. हेडट्यूब लांब पुढे राहते म्हणून हँडल मागे ओढून आणावं लागतं, आणि ते जास्त लांबलं की होडीच्या सुकाणूसारखं बाजूला सरकायला लागतं, वळताना हात अंगापासून लांब जातात. मग हेडट्यूब जमेल तेवढी मागे घे, नाहीतर सीटजवळ वेगळं हँडल देऊन टाय रॉडने, म्हणजे जोडदांडीने, चिमट्याला जोड. रॉड केलास तर दोन्ही टोकांना चांगले रॉड एंड, म्हणजे गोळीवर फिरणारे सांधे, लाव, तिथे बोल्टवर भागवायचं नाही.

हेडट्यूबचा कोन ७० अंशांच्या आसपास धर. एक काठी हेडट्यूबच्या रेषेत धरून जमिनीपर्यंत आण, ती जिथे टेकते त्याच्या चार-पाच सेंटीमीटर मागे टायर जमिनीला टेकायला हवा. ह्याला ट्रेल म्हणतात. टायर त्या रेषेच्या पुढे गेला तर हात सोडायचं नाव काढू नकोस, सायकल सरळ राहणारच नाही.

आणि पाइप कापायच्या आधी स्वतःचं माप घे. जमिनीवर भिंतीला पाठ आणि कंबर टेकवून पाय सरळ करून बस आणि कुणालातरी भिंतीपासून टाचेपर्यंतचं अंतर मोजायला सांग. पाठीपासून लांब गेलेल्या पेडलपर्यंतचं अंतर ह्याहून किंचित कमी हवं, म्हणजे गुडघा पूर्ण ताठ होत नाही. मग अंगणात खडूने सायकल खऱ्या मापात काढ, चाकं ठेव, त्या चित्रावर बस, आईला वरून फोटो काढायला लाव. पाइप कापल्यावर जे कळतं त्यातलं निम्मं इथेच कळतं. आणखी एक, पेडल धरणारा पुढचा पाइप (बूम) सरकवायची व्यवस्था करत बसू नकोस, सीट सरकती ठेव. दोन क्लॅम्पवर काम होतं आणि घरातलं दुसरं माणूसही चालवू शकतं.

प्रश्न : वाचलंय सगळा, बरा वाटला. पण आमच्याकडे चढाव इलो काय उभ्यान पेडल मारूचा लागता. तुमच्या सायकलीर उभ्या रवाक येना नाय, मगे आमच्यासारख्यान करूचा काय?
— देवगड

उत्तर : तुमचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे, आणि कोकणात रिकम्बंट बांधणाऱ्याने पाइपच्याही आधी ह्याचाच विचार करायला हवा असं माझं ठाम मत आहे. आपल्याकडचा सागरी रस्ता म्हणजे खाडीवर उतरायचं, पूल ओलांडायचा आणि लगेच सड्यावर चढायचं, की परत पुढची खाडी. सपाट असं काही नसतंच. उभं राहून अंगाचं वजन पेडलवर टाकायची सोय ह्या सायकलवर नाही हे खरंच आहे, म्हणून ती उणीव गिअरने भरून काढायची.

हिशोब करून दाखवतो. समजा माणूस ७५ किलोचा, सायकल २० किलोची, पिशवी ५ किलोची, एकूण १०० किलो. आठ टक्क्यांचा चढ धरा, म्हणजे शंभर मीटर गेल्यावर आठ मीटर वर. तो चढ ताशी ६ किलोमीटरने चढायला साधारण १३० ते १४० वॅट ताकद लागते. तोच ताशी १० ने चढायचा म्हटलं तर सव्वादोनशेच्या वर. रोजचं काम करून सायकल चालवणारा तुमच्या-आमच्यासारखा माणूस शे-दीडशे वॅट बराच वेळ काढू शकतो, सव्वादोनशे नाही. म्हणजे सायकलला ताशी ६ ने चढता आलं पाहिजे आणि तेही पाय मिनिटाला साठेक फेरे फिरत असताना. ह्याचा अर्थ पेडलच्या एका फेऱ्यात सायकल १.७ मीटरच्या आसपासच पुढे गेली पाहिजे, जास्त नाही.

आता पुढे पेडलपाशी २८ दातांचं चेनव्हील, मागे ३४ दातांचं सगळ्यात मोठं चक्र आणि २६ इंची चाक घेतलं तर फेऱ्याला १.७ मीटर येतात. झालं काम. फक्त मागे साधं १४–२८ दातांचं फ्रीव्हील (मागच्या चक्रांचा गठ्ठा) असेल तर २६ इंचीवर फेऱ्याला दोन मीटरच्या वर जातं, तिथे गुडघे ओरडायला लागतात. पण त्याच साध्या फ्रीव्हीलवर मागचं चाक २० इंची केलं की फेऱ्याला दीड मीटर होतात! महागडं काही न घेता चढाचा गिअर मिळतो, वर पुढच्या ४८ दातांच्या चेनव्हीलवर सपाटीला ताशी २५ सहज निघतो. मला विचाराल तर देवगड, राजापूर, गुहागर ह्या पट्ट्यासाठी दोन्ही चाकं २० इंची हाच सगळ्यात शहाणपणाचा मार्ग आहे. लहान चाक खड्ड्यात जास्त आपटतं, पण त्याला जाड टायर आणि जाळीची सीट हे उत्तर आहे. चढाला दुसरं उत्तर नाही.

एक मात्र कळकळीने सांगतो. पाठीला सीटचा आधार असतो त्यामुळे मोठ्या गिअरमध्ये जोर लावायचा मोह होतो, आणि तो जोर अंगाच्या वजनापेक्षाही जास्त होऊ शकतो, तो सगळा गुडघ्यावर येतो. जोर लावायचा नाही, पाय हलके फिरवायचे. सुरुवातीला मांडीचे वेगळेच स्नायू दुखतील, कारण आपण ते उभ्या सायकलवर तितके वापरतच नाही. थोडे थोडे चढ घेत गेलात की शरीर घेतं जुळवून.

प्रश्न : आमच्या गावात खिडक्यांची ग्रिल बनवणारा वेल्डर आहे, काम चांगलं करतो. त्याच्याकडून फ्रेम करून घेतली तर चालेल की सायकलसाठी स्पेशल वेल्डिंग लागतं?
— चिपळूण

उत्तर : चालेल, फक्त पाइप तुम्ही स्वतः निवडून न्या आणि वेल्डिंग चालू असताना शेजारी उभे राहा. मुख्य पाइपला दीड इंची चौकोनी एमएस, म्हणजे साध्या लोखंडाचा, पाइप घ्या, १६ गेज म्हणजे १.६ एमएम जाडीचा. तो मीटरला साधारण १.८ किलो भरतो, म्हणजे अडीच मीटर लागला तरी साडेचार किलो. १८ गेज पातळ म्हणून हलका पडतो, पण साध्या आर्कवर त्याला भोकं पडतात, मिग (तारेने वेल्ड करणारं) मशीन असेल आणि हात बसलेला असेल तरच त्याच्या वाटेला जा. १६ गेजला अडीच एमएमचा रॉड, करंट ६०-७० अँपिअर, ग्रिलवाले सवयीने जास्त ठेवतात तो कमी करायला सांगा.

जीआयचा, म्हणजे जस्त चढवलेला, पाइप अजिबात नको. गंजत नाही म्हणून लोक तोच घ्यायला बघतात, पण वेल्ड करताना त्यावरचं जस्त जळतं आणि तो धूर नाकात गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो. काळाच पाइप घ्या, गंजाचं आपण नंतर बघू.

सगळ्यात मोठी काळजी वाकण्याची. ग्रिल दोन-चार एमएम वाकली तर कुणाला दिसत नाही, सायकल वाकली तर ती आयुष्यभर एका बाजूला ओढते. म्हणून आधी सगळीकडे नुसते टाके मारायचे, मग चाकं बसवायची, मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना टेकवून सुतळी पुढपर्यंत ताणायची आणि पुढचं चाक दोन्ही सुतळ्यांच्या बरोबर मध्ये येतं का ते बघायचं. हेडट्यूबला ओळंबा लावायचा. हे जुळलं की मगच पूर्ण वेल्ड, तोही समोरासमोरच्या बाजूंना आलटून पालटून आणि मध्ये थंड होऊ देत. वेल्डर कंटाळेल, चहा पाजा, पण घाई करू देऊ नका. हेडट्यूबच्या सांध्याला खालून आणि वरून पट्टीचे त्रिकोण द्यायचे, सगळा झटका तिथे येतो.

प्रश्न : अशा सायकलला पासिंग लागतं का? पोलिसांनी अडवलं तर? आणि छोटी मोटर लावली तर?
— खेड

उत्तर : नुसत्या पायाने चालणारी सायकल, मग ती कुठल्याही आकाराची असो, मोटार वाहन कायदा १९८८ मधलं मोटार वाहन होत नाही, त्यामुळे पासिंग नाही आणि लायसन्सही नाही. कुतूहलाने थांबवतात, बघतात आणि सोडतात. मोटर लावली की मात्र हिशोब बदलतो. ०.२५ किलोवॅटपर्यंतची मोटर, ताशी २५ किलोमीटरपर्यंतचा वेग, बॅटरी सोडून ६० किलोपर्यंत वजन अशा मर्यादा आहेत आणि शिवाय त्या मॉडेलला मान्यताप्राप्त चाचणी संस्थेची मंजुरी लागते, जी घरी बांधलेल्या एकट्या सायकलला कुठून मिळणार. म्हणून मोटरशिवायच बांधा आणि गिअर नीट करा, वरचं देवगडचं उत्तर वाचा.

प्रश्न : फ्रेम झाली, सायकल चालतेय, पण चेनचा खडखडाट इतका की घरातले ओळखतात मी कुठपर्यंत आलो ते. चढावर तर चेन मधल्या चाकावरून उतरते पण. मधलं चाक मी कपाटाच्या स्लायडिंग दाराचं लावलंय.
— पावस

उत्तर : अहो तिथेच तर गडबड आहे! तुमच्या प्रश्नाचं उत्तर जरा सविस्तर देतो, कारण घरी बांधलेल्या निम्म्याअधिक रिकम्बंट ह्याच एका गोष्टीमुळे कोपऱ्यात पडतात.

साध्या सायकलची चेन दीड मीटरच्या आसपास असते, आपल्याला अडीच-तीन चेन जोडून एक करावी लागते, आणि ती सीटखालून न्यायला मधे चाक द्यावं लागतं, त्याला आयडलर म्हणतात. आता वरची बाजू ओढणारी असते आणि खालची सैल परतणारी. ओढणाऱ्या बाजूला ताण किती येतो बघा. तुम्ही पेडलवर ४० किलोचा जोर दिलात, क्रँक म्हणजे पेडलचा दांडा १७० एमएम, २८ दातांच्या चेनव्हीलची त्रिज्या ५७ एमएम, म्हणजे चेनमध्ये तिप्पट, १२० किलोचा ताण. चढावर लहान चेनव्हीलवरच हा ताण सगळ्यात जास्त असतो, म्हणून तुमची चेन चढावरच उतरते. कपाटाच्या दाराचं चाक ह्यासाठी बनलेलंच नाही.

दोन गोष्टी करा. एक, आयडलरची जागा अशी निवडा की ओढणारी चेन तिथे कमीत कमी वाकेल. चेन जेवढी कमी वाकते तेवढा आयडलरवर भार कमी, जवळपास सरळ जात असेल तर भार नगण्य होतो, काटकोनात वळवलीत तर तो ताणाच्याही वर जातो. त्यासाठी सीट दोन इंच उचलावी लागली तरी उचला. दुसरं म्हणजे ओढणाऱ्या बाजूला दात असलेला आयडलर घ्या, जुन्या फ्रीव्हीलमधलं पंधरा-सोळा दातांचं चक्र ६०८ नंबरच्या दोन बेअरिंगवर लेथवाल्याकडून बसवून घ्या, आणि तो बोल्टवर आठ-दहा एमएम बाजूला सरकू शकेल असा मोकळा ठेवा, म्हणजे गिअर बदलताना चेन आपली रेषा स्वतः धरते. खालच्या सैल बाजूला नायलॉनचा गुळगुळीत खाचेचा रोलर पुरतो.

आणि खडखडाटाला आपल्याकडे घरोघरी औषध आहे. ठिबकची १६ एमएमची काळी लॅटरल, आंब्याच्या किंवा सुपारीच्या बागेत असते ती. तिच्यातून चेन मोकळी जाते. ड्रिपर नसलेला सरळ तुकडा घ्या, उन्हात ताणून बांधून ठेवा म्हणजे वेटोळं जातं, मग दोन्ही तोंडं गरम करून एखाद्या बाटलीच्या तोंडावर दाबून जराशी फाकवा, नाहीतर चेन कडेला घासून तुकडे पाडते. नळी एकाच टोकाला फ्रेमला बांधायची, दुसरं टोक मोकळं, ते चेनबरोबर हलतं. ओढणाऱ्या बाजूला नळी वळवायची नाही, फक्त सरळ भागावर. आवाज जातोच, शिवाय पॅन्टला काळं लागत नाही आणि लाल धूळ चेनवर बसत नाही, जी आपल्याकडे चेनचं आयुष्य खाते.

प्रश्न : घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. इथे नवीन बिजागऱ्या वर्षात गंजतात. लोखंडी फ्रेम किती टिकणार?
— मालवण

उत्तर : नीट केली तर खूप टिकते, पण रंग हा शेवटचा कार्यक्रम समजू नका, फ्रेमच्या डिझाइनपासूनच त्याची तयारी असते. मुख्य पाइपच्या सगळ्यात खालच्या बिंदूला पाच-सहा एमएमचं भोक ठेवा. पाइपमध्ये पाणी जाणारच, पावसाचं नाही तर हवेतल्या दमटपणाचं, ते निघून गेलं पाहिजे. वरची उघडी तोंडं पट्टी वेल्ड करून बंद. मग रंगाच्या दुकानात डबल बॉईल जवसाचं तेल मिळतं ते आत ओतून फ्रेम सगळ्या बाजूंनी फिरवायची आणि भोकातून निथळू द्यायची, आतून वाळून पापुद्रा धरतो. गंज बहुतेक वेळा आतूनच खातो आणि बाहेर दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

बाहेरून वेल्डिंगचा स्लॅग आणि पाइपवरची काळी खपली घासून चकचकीत करा, थिनरने पुसा आणि त्याच दिवशी प्रायमर मारा. दुसऱ्या दिवसावर ढकललंत तर मालवणच्या हवेत रात्रीत पिवळं पडतं. नेहमीच्या लाल ऑक्साइडपेक्षा दोन डब्यांचा एपॉक्सी प्रायमर घ्या, किनाऱ्यावर त्याला पर्याय नाही. दिवाळीनंतर ते शिमग्यापर्यंत हे काम उरका, पावसाळ्यात रंगवूच नका.

नटबोल्ट स्टेनलेसचे, जमलं तर ३१६ ग्रेडचे, ३०४ समुद्राजवळ तपकिरी पडतात. स्टेनलेस बोल्ट अॅल्युमिनियमच्या भागात जात असेल तर ग्रीस लावूनच, नाहीतर खाऱ्या हवेत दोन्ही एकमेकांना धरून बसतात आणि मग बोल्ट तुटतो पण निघत नाही. वाळूत फिरवायची हौस असेल तर मी समजू शकतो, चिवला बीचवरची संध्याकाळ कुणाला नको, पण घरी आल्यावर गोड्या पाण्याने लगेच धुवा, हबजवळ जोराचा फवारा न मारता. सीटला फोम नको, घाम आणि मीठ दोन्ही धरून ठेवतो. नायलॉनची नवार पाइपच्या चौकटीवर विणून घ्या, पलंगाला विणतात तशीच, कमरेशी जरा घट्ट आणि वर जरा सैल. पाठीला वारा लागतो, धुता येते आणि ढिली पडली की परत ओढून घेता येते.

प्रश्न : माझे वडील ६८ वर्षांचे. आयुष्यभर सायकल चालवली, आता तोल जातो म्हणून आम्ही बंद केली तर फार खंतावलेत. त्यांच्यासाठी तीन चाकी रिकम्बंट भावाकडून करून घ्यावी असं मनात आहे. पुढे दोन चाकं चांगली की मागे? धोपाव्याला जेटीपर्यंत तरी जाता यावं.
— गुहागर

उत्तर : ताई, जरूर करा. आधी डॉक्टरांना विचारा तोल नेमका कशामुळे जातोय, चक्कर असेल तर तीन चाकांनी ती जात नाही. ते एकदा स्पष्ट झालं की पुढे.

पुढे दोन चाकं असलेल्या ट्राइकला टॅडपोल म्हणतात. वळणावर ती फार स्थिर, पण सीट जमिनीपासून जेमतेम एक फुटावर असते, ६८ व्या वर्षी तिथून उठणं म्हणजे रोजची शिक्षा. शिवाय बांधायला अवघड, पुढची चाकं एकाच बाजूने धरणारे ॲक्सल लागतात आणि स्टिअरिंगची भूमिती काटेकोर हवी, दोन्ही स्टिअरिंग आर्मच्या रेषा मागच्या ॲक्सलच्या मध्यावर मिळायला लागतात, नाहीतर वळताना टायर घासतात. भावाची पहिलीच असेल तर नको.

मागे दोन चाकं असलेली डेल्टा बांधा. सीट खुर्चीच्या उंचीची, जमिनीपासून ४५ सेंटीमीटर, म्हणजे नुसतं टेकायचं आणि पाय आत घ्यायचे. उंच सीटची डेल्टा उतारावरच्या वेगातल्या वळणावर कलंडू शकते हे मात्र खरं, त्यामुळे मागची चाकं ७५-८० सेंटीमीटर रुंदीवर ठेवा, आणि बाबांना सांगा वळणाआधी वेग कमी करायचा, वळणात नाही. ते जुने सायकलवाले आहेत, त्यांना कळेल. लॉक होणारा पार्किंग ब्रेक अत्यावश्यक, उतारावर उतरायचं झालं किंवा दाभोळच्या फेरीबोटीवर चढवली तर ट्राइक आपली आपण घरंगळते. धोपाव्याच्या जेटीकडे उतरताना मजा येईल, पण वर येताना खरा चढ आहे, म्हणून गिअर अगदी लहान द्या. तीन चाकांचा मोठा फायदा हाच की ताशी तीन किलोमीटरने चढलं तरी पडायची भीती नाही, मध्ये थांबून आंब्याखाली बसल्या जागी दम खाता येतो. पहिले काही दिवस कुणीतरी सोबत राहा. फोटो पाठवा, मी वाट बघतोय.

प्रश्न : एवढी वेगवान आणि आरामाची सायकल आहे तर शर्यतीत का दिसत नाही?
— अलिबाग

उत्तर : कारण ९० वर्षांपूर्वी तिला बाहेर काढलं. फ्रान्समध्ये शार्ल मोशे नावाचा माणूस होता, त्याने मुलासाठी चार चाकी पेडलगाडी बनवली आणि तिथून पुढे वेलोकार नावाची दोन चाकी रिकम्बंट. त्या सायकलवर फ्रान्सिस फॉर ह्या दुसऱ्या फळीतल्या रेसरने ७ जुलै १९३३ ला तासात ४५.०५५ किलोमीटर काढले. त्याआधीचा ऑस्कर एगचा ४४.२४७ चा विक्रम १९१४ पासून कुणाला मोडता आला नव्हता! १९३४ मध्ये आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने शर्यतीच्या सायकलची व्याख्याच अशी केली की ही त्यात बसेना, आणि विक्रमही वेगळ्या वर्गात गेला. मोशे त्याच वर्षी वारला. मला हे वाचताना आजही वाईट वाटतं. कारखाने शर्यतीत जिंकते तीच सायकल बनवतात, त्यामुळे पुढच्या चाळीसेक वर्षांत हिच्यावर फारसं कामच झालं नाही. १९७० च्या दशकात अमेरिकेत मानवी ताकदीच्या वाहनांची वेगळी संघटना झाली, मग सुरुवात परत झाली. २०१६ मध्ये नेवाडातल्या बॅटल माउंटनला टॉड रायकर्टने पूर्ण कवच असलेल्या रिकम्बंटवर ताशी १४४.१७ किलोमीटर गाठले, सपाट रस्त्यावर, फक्त पायांवर.

वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो आणि लागणारी ताकद आठपट, म्हणून वाऱ्याला अंग कमी दाखवणारी सायकल वेगात जिंकते. आपल्या सड्यावर मे महिन्यात दुपारनंतर जो समुद्राकडचा वारा सुटतो त्यात हे तुम्हाला ताशी १५ लाही जाणवेल.

प्रश्न : घरचे म्हणतात एवढी खाली बसलेली सायकल एसटीवाल्याला दिसणार नाही. त्यांना काय सांगू? आणि पावसात चालवू का?
— दापोली

उत्तर : घरच्यांचं ऐका आणि त्यांच्या समाधानासाठी नाही, स्वतःसाठी ऐका. लांब रिकम्बंटवर तुमचं डोकं कारच्या ड्रायव्हरच्या डोक्याच्या आसपास असतं, त्यामुळे तशी ती फार खाली नसते, पण चिऱ्यांच्या ट्रकच्या अगदी पुढ्यात कुठलीच सायकल नीट दिसत नाही. मागे फायबरच्या काठीवर जमिनीपासून सहा फूट उंच भगवा किंवा पोपटी झेंडा लावा, तो वळणाच्या पलीकडून गवताच्या वरून दिसतो. मागचा लाल दिवा दिवसाही चालू. आरसा दोन्ही बाजूंना, कारण टेकून बसल्यावर मान मागे वळत नाही.

पावसात जुलै-ऑगस्टमध्ये सावलीच्या रस्त्यांवर शेवाळ धरतं, तिथे दोन चाकी रिकम्बंट पुढच्या चाकावरून सरळ घसरते, तेवढे दिवस ती घरात ठेवा. बाकी पावसाला हरकत नाही, फक्त रिमब्रेक ओले झाले की पहिले काही फेरे धरतच नाहीत, आणि लाल चिखल रिम खरवडून काढतो. बांधतानाच निदान पुढच्या चाकाला डिस्क ब्रेकची सोय करून घ्या, म्हणजे डिस्क बसणारा चिमटाच शोधा, साध्या चिमट्याला नंतर पट्टी वेल्ड करून डिस्क बसवू नका, चिमट्याचा पाय त्या जोरासाठी बनलेला नसतो. आणि शिकताना रविवारी एमआयडीसीचा मोकळा रस्ता किंवा शाळेचं ग्राउंड, लहान गिअर टाकून, एक पेडल वर घेऊन, नजर लांब आणि हँडल अगदी हलकं धरून निघा.